झाकलेली पदवी आणि पेपरमिंटच्या गोळ्या

शेजाऱ्यांना सांगून कोणतंही काम सुरू करू नये. मी सांगितलं, म्हणून एवढं लिहायची वेळ आली.

काम एवढंसंच होतं. मक्याच्या सौद्यांसाठी आमच्या पेढीला एक ट्रेडर हवा होता. मोजून एक. लोक बायको निवडतात, पाद्री निवडतात, शहराचा महापौर निवडतात. आणि मला एक ट्रेडर निवडता येऊ नये?

शिकागोच्या लासाल रस्त्यावर ‘गॅरिटी अँड सन्स’ नावाची आमची पेढी आहे. तिथे मी, ऑर्व्हिल पेटिग्रू, सव्वीस वर्षं कचेरी सांभाळतो. यातले ‘सन्स’ कोणी पाहिलेले नाहीत. मालक म्हणजे एक भाऊ आणि एक बहीण, दोघंही बिनलग्नाची. पाटीला वजन यावं म्हणून मुलगे घातलेत. भाऊ डेक्लन शाळा अर्धवट टाकून सतराव्या वर्षी मक्याच्या बाजारातल्या रिंगणात भाव ओरडायला उभा राहिला. घसा कायमचा बसला, पण पेढी उभी राहिली. बहीण नोरा हिच्या दोन पदव्या आहेत. दोन्ही भिंतीवर आहेत, आणि दोन्हींवर वेगवेगळा दिवा आहे.

ऑक्टोबरात एका बड्या गिऱ्हाइकाने नोराबाईंना प्रश्नावली पाठवली. त्यात एक रकाना होता: तुमच्याकडचे पदवीधर किती टक्के? नोराबाईंनी तो रकाना मनाला लावून घेतला. नवी नियमावली निघाली. एक जानेवारीपासून पेढीतल्या प्रत्येकाच्या फाइलीत पदवीचा कागद हवा. नसेल त्याने दुसरीकडे बघावं.

आता माझी फाइल. तिच्यात पदवीच्या जागी माझ्या उजव्या गुडघ्याचा वैद्यकीय अहवाल लावलेला आहे. तो मीच लावला, कारण जागा रिकामी दिसत होती. सव्वीस वर्षांत कोणी उघडून पाहिलं नाही. पेन्शनला चौदा महिने राहिले होते, आणि जानेवारी दोन महिन्यांवर आला होता.

नियमावली वाचून डेक्लन त्याच्या त्या फाटक्या आवाजात भडकला. “नोरा, ट्रेडरला पदवी कशाला? मका काय पदवी विचारून वर जातो?”

“तुझ्या काळी लोक बोटांनी सौदे करायचे, डेक्लन. आता गणित लागतं.”

“मागच्या वर्षी तू आणलेला तो पदवीधर! तीन आठवडे एक तक्ता रंगवत बसला होता. मका घसरला तेव्हा साहेब हिरवी छटा शोधत होते!”

“आणि त्याआधी तू आणलेला तो न्हावी?”

“न्हावी फायद्यात होता!”

“गिऱ्हाइकांचे केस कापत होता, डेक्लन. कचेरीत!”

शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिलं. भावाबहिणीचं भांडण थकलं की ते विश्रांतीला माझ्यावर येऊन बसतं. तोड अशी निघाली: पदवी न पाहता ऑर्व्हिलने माणूस निवडायचा. निवडलेला पदवीधर निघाला तर नियम राहणार, बिनपदवीचा निघाला तर नियमावली फाडायची. ऑर्व्हिल चर्चमध्ये डीकन आहे, पाळकांच्या हाताखालचा मानकरी, तो लबाडी करायचा नाही.

डीकनपणा असा नको तिथे आडवा येतो.

घरी बायकोला, व्हर्डेलला, सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे तुझी नोकरी त्या निवडलेल्या माणसाच्या कागदावर टांगलीय, आणि तो कागद तू बघायचा नाहीस?”

“हो.”

“आणि तू ‘हो’ म्हणालास?”

“मी काहीच म्हणालो नाही. त्यांनी तेच ‘हो’ समजलं.”

तिने माझ्या ताटात चवळीचा आणखी एक डाव वाढला. फार दया आली की ती बोलत नाही, वाढते.

खरी चूक दुसऱ्या दिवशी झाली. मी कुंपणापाशी पानं गोळा करत असताना शेजारच्या होझिया क्रम्पला ही हकिकत सांगितली. होझिया निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं न उघडता पोचवली, त्याचा त्याला इतका अभिमान की गुप्तता या विषयावर तो एकटाच बोलतो. म्हणाला, “सोपं आहे, डीकन. अर्ज छाप, आणि शिक्षणाच्या ओळीवर जाड काळा मार्कर फिरव. मग बघायचं म्हटलं तरी दिसणार नाही.”

“आणि संगणकावरचे मूळ अर्ज?”

“पुसून टाक. मोह ठेवूच नये माणसाने.”

मला हे धर्माला धरून वाटलं. दोनशे चौदा अर्ज आले होते. कागदाची बचत व्हावी म्हणून मी ते दोन्ही बाजूंनी छापले, मूळ पुसले, आणि दोन दिवस बसून भक्तिभावाने एकेका पदवीला काळं फासलं. मार्कर उत्तम होता. इतका उत्तम, की शाई कागदाच्या पलीकडे उतरली. आणि पलीकडच्या बाजूला, नेमकं तिथेच, प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि फोन होता.

माझ्याकडे दोनशे चौदा माणसांचे गुणावगुण होते. पण एकही माणूस नव्हता.

होझियाला सांगितलं तर तो म्हणाला, “तरी मी म्हणणारच होतो, एका बाजूने छाप.” ‘म्हणणारच होतो’ असं म्हणणाऱ्या माणसाला काय करावं, याबद्दल पवित्र शास्त्रात स्पष्ट आज्ञा नाही, ही त्यातली एक उणीव समजावी.

एकच उपाय होता. जिथे जाहिरात दिली तिथेच दुसरी दिली: अर्ज केलेल्या सर्वांनी येत्या शनिवारी सकाळी नऊला स्वतःच यावं. आता दोनशे माणसं बसवायची कुठे? आमच्या मजल्यावर अग्निशमन खात्याची पितळी पाटी आहे: एका वेळी जास्तीत जास्त माणसं, एकोणपन्नास. इमारतीबाहेर फुटपाथवर रांग लावावी म्हणून मी पालिकेच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “मिरवणूक, खाद्यपदार्थांची विक्री, की चित्रीकरण?”

“मुलाखती.”

“ते या यादीत नाही.”

“सगळ्यात जवळचं काय?”

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. “मिरवणूक. वाजंत्री असेल का?”

वाजंत्री नाही म्हटल्यावर त्यांनी मला वाजंत्री नसल्याचा वेगळा अर्ज दिला. त्याला लागणारे दिवस, पंचेचाळीस. मी टोपी घातली आणि बाहेर आलो. साठी उलटलेल्या, टाय बांधलेल्या माणसाला भर दुपारी कोणी बिनवाजंत्रीची मिरवणूक म्हणावं, हे मनाला लागतं.

मग चर्चचा तळमजल्यावरचा हॉल आठवला. आमच्या हॉलची किल्ली सिस्टर युलाली बँक्स यांच्याकडे असते. आमच्या चर्चमध्ये बायकांना सिस्टर म्हणतात. त्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष, आणि माझ्या दुसऱ्या बाजूच्या शेजारीण. त्यांनी चष्मा लावून नियम वाचून दाखवले. “दारू नाही. जुगार नाही. नाच नाही, पवित्र आत्म्याने नाचवलं तर तेवढाच. तुमच्या या मुलाखतीत यांतलं काय आहे, डीकन?”

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या धंद्यात माणूस पारखायची एक रीत आहे. त्याला काहीही विचारायचं, समजा, या बरणीत किती वाटाणे आहेत? त्याने एका दमात दोन भाव सांगायचे: इतक्याला मी घेईन, इतक्याला मी देईन. समोरच्याने पटेल ती बाजू पकडायची. बोललेला भाव मागे घ्यायच्या आत समोरचा ‘घेतलं’ किंवा ‘दिलं’ म्हणाला, की सौदा झाला. खरा आकडा कळला, की भावात आणि त्यात जेवढा फरक, तेवढं हरणाऱ्याने द्यायचं. डेक्लन तर सकाळी कॉफी किती गरम आहे, यावरही भाव मागतो.

“म्हणजे जुगार,” सिस्टर युलाली म्हणाल्या.

“पैसे नाही लावायचे, सिस्टर.”

“मग काय लावणार?”

त्यांच्या पर्सचं तोंड उघडं होतं, आणि आतून पेपरमिंटच्या गोळ्यांचा डोंगर डोकावत होता. आमच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायका उपदेशात कोणी खोकला तर लगेच गोळी पुढे करतात. त्यांच्या पर्समध्ये एक दुकान असतं. माझी नजर कुठे आहे हे त्यांच्या लक्षात आलं. बराच विचार करून त्या म्हणाल्या, “गोळी म्हणजे पैसा नव्हे. पण जो गोळी खाईल त्याची ती संपली. आणि पवित्र गोष्टींवर भाव लावायचा नाही.”

शनिवारी एकशे एकतीस माणसं आली. सूट होते, टाय होते, एक जण घोड्यांच्या शर्यतीचं वर्तमानपत्र घेऊन आला होता. आधी तोंडी गणितं: ऐंशी गणितं, आठ मिनिटं, कागद-पेन्सिल नाही. तेवीस उरले. बाकीच्यांना सिस्टर युलालींनी कॉफी आणि केकचा तुकडा देऊन निरोप दिला. त्यातले बरेच गेलेच नाहीत. केक चांगला होता.

उरलेल्यांना छातीवर फक्त क्रमांक, आणि हातात मूठभर गोळ्या. सतरा क्रमांकाची बाई माझ्या डोळ्यांत भरली, ती माझ्या स्वार्थामुळे. पस्तिशीची, धिप्पाड, अंगात शहरबसच्या चालकाचं निळं जाकीट. माझं काळीज हरखलं. बसचालक! हिला कशाला पदवी असेल! देवा, हिलाच यश दे. आणि लगेच मनात आलं, ऑर्व्हिल, तू परीक्षक आहेस. मी मनातल्या मनात प्रार्थना मागे घेतली. मागे घेतलेली प्रार्थना वर पोचते की नाही, हे आमच्या पाळकांना विचारायचं राहिलं आहे.

आमचे पाळक, रेव्हरंड टॅलमेज, तेवढ्यात जिन्यावरून उतरले. “पाहुण्यांचं दोन मिनिटं स्वागत करतो.”

बहिणीबरोबर बघायला आलेल्या डेक्लनचे डोळे चमकले. “दोन मिनिटं? चला, भाव बोला! रेव्हरंड किती मिनिटं बोलतील?”

“पवित्र गोष्टींवर नाही!” सिस्टर युलाली ओरडल्या.

“स्वागत पवित्र आहे का?”

त्यावर दोन विश्वस्तांची उभ्याउभ्या बैठक झाली. ठरलं असं: प्रार्थना पवित्र, स्वागत नव्हे. मोजणीला स्वयंपाकघरातलं कोंबडी तळायचं घड्याळ. कोणी म्हणालं दोनला घेतो, तीनला देतो. कोणी तीन-चार. एका गुलाबी टायवाल्याने धाडस करून चार-पाच केलं.

रेव्हरंडनी सुरुवात साधी केली. सुप्रभात, कॉफी तिकडे आहे, प्रसाधनगृह जिन्यामागे आहे. मग म्हणाले, “आज इथे माणूस निवडायचाय म्हणे. माझ्या प्रभूनेही एकदा माणसं निवडली होती. तळ्याच्या काठाने चालत गेला.” त्यांनी चष्मा काढला. “चालत गेला, म्हणतो मी.” आवाज अर्ध्या पट्टीने वर सरकला.

जाणकाराला एवढं पुरतं. मी पेन खिशात ठेवलं, बूट सैल केले, पाय पसरले, डोळे मिटले. त्यानंतर मी परीक्षक नव्हतो, व्यवस्थापकही नव्हतो. बोलता बोलता त्यांचं वाक्य कुठे संपलं आणि सूर कुठे लागला, हे मला तीस वर्षांत पकडता आलेलं नाही. साधा ‘पेत्र’ हा शब्द, प्रभूच्या कोळी शिष्याचं नाव, पण त्यांनी तो असा लांबवला की त्यात जाळं होतं, होडी होती, ओले हात होते. कोणीतरी पियानोपाशी जाऊन बसलंच. “जाळी टाकून दे, पेत्रा! त्याने तुझा कागद नाही मागितला, पेत्रा! तो म्हणाला, माझ्या मागे ये!” माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी नोकरी, पेन्शन, मार्कर, सगळं विसरलो. मला वाटतं त्या दिवशीचं माझं खरं काम तेवढंच झालं.

रेव्हरंड थांबले, तेव्हा घड्याळात एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

नोराबाई, ज्या कॅथलिक आहेत आणि ज्यांच्याकडे उपदेश आठ मिनिटांत उरकतो, त्या भानावर येत म्हणाल्या, “पण मत्तय जकातदार होता. बारा शिष्यांत एक तरी शिकलेला होता!”

“आणि पैशाची थैली कोणाकडे होती?” डेक्लन घोगऱ्या आवाजात म्हणाला. “प्रभूला विकणाऱ्या यहूदाकडे! तुझा पदवीधर तो!”

इकडे सतरा क्रमांकाने सगळ्यांना लुटलं होतं. पहिलं मिनिट सरायच्या आत ती टेबलांमधून फिरली आणि प्रत्येकाकडून ‘घेतलं, घेतलं, घेतलं’ करत गेली. चार-पाचवाल्याकडूनही पाचला घेतलं. पाचच्या वर जितकी मिनिटं, तितक्या गोळ्या तिच्या. बाकीच्यांकडून तर त्याहून जास्त. गुलाबी टायवाल्याकडे द्यायला गोळ्या उरल्या नव्हत्या, कारण अकरा गोळ्या त्याने धास्तीने खाल्ल्या होत्या. बाकीच्या फेऱ्या नावापुरत्याच उरल्या. तिची बसवाल्यांची टोपी गोळ्यांनी शिगोशीग भरली.

“तुम्ही याआधी आमच्या चर्चमध्ये आला होता का?” मी विचारलं.

“कधीच नाही.”

“मग कळलं कसं?”

“मी तुमच्याकडे बघत होते, डीकन. तुम्ही पेन खिशात ठेवलंत आणि बूट सैल केलेत. माणूस दोन मिनिटांसाठी बूट सैल करत नाही.” मग सहज म्हणाली, “शिवाय लांबणाऱ्या गोष्टींचं वितरण एका बाजूला कललेलं असतं. त्याचं शेपूट स्वस्तात विकू नये.”

वितरण! शेपूट! हे तर कॉलेजातल्या संख्याशास्त्राचे शब्द. बसचालक असं बोलत नाही. ही शिकलेली आहे, दोन पदव्यांची असेल, आणि मी तिला स्वतःच्या हाताने जिंकू दिलं. मग ती बाही दातांनी धरून जाकिटाची चेन ओढायला लागली, आणि मला पुन्हा आशा वाटली. माझं पेन्शन त्या बाईच्या एकेका हालचालीवर वरखाली होत होतं. मक्याचा भावसुद्धा इतका हलत नाही.

नाव कळलं: थिओडोरा विंबुश. निवड झाली, यावर भावाबहिणीचं प्रथमच एकमत होतं.

“आता विचार तिला,” डेक्लन म्हणाला. “पदवी आहे का?”

“थांब,” नोराबाई म्हणाल्या. “आधी भाव. आपल्या घरच्या रीतीने.”

त्यांच्या घरची रीत अशी, की वाद मिटवण्याआधी दोघांनी आपापला भाव चिठ्ठीवर लिहायचा आणि एकदम उलटायचा. मी नियम बांधून दिला: थिओडोराला पदवी असेल तर चिठ्ठीची किंमत शंभर गोळ्या, नसेल तर शून्य.

दोघांनी हाताने झाकून लिहिलं. चिठ्ठ्या उलटल्या.

नोराबाईंच्या चिठ्ठीवर होतं: वीसला घेईन, पंचवीसला देईन.

डेक्लनच्या चिठ्ठीवर होतं: पंचाहत्तरला घेईन, ऐंशीला देईन.

मी दोनदा वाचलं. पदवीशिवाय अक्कल नाही म्हणणाऱ्या नोराबाईंनी त्या निळ्या जाकिटाकडे पाहून ठरवलं होतं की हिला पदवी नसणार. आणि पदवीच्या नावाने घसा फोडणारा डेक्लन! इतकी हुशार बाई म्हणजे शिकलेलीच असणार, असं त्याच्या पोटात होतं.

“डेक्लन!” नोराबाई म्हणाल्या.

“तू तर बोलूच नकोस!” डेक्लन म्हणाला.

तेवढ्यात थिओडोरा दोघांच्या मध्ये उभी राहिली. नोराबाईंच्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाली, “पंचवीसला घेतलं.” आणि पुढच्याच श्वासात डेक्लनकडे वळून, “पंचाहत्तरला दिलं.”

सिस्टर युलालींना हिशेब कळायला थोडा वेळ लागला, म्हणून सांगतो. पदवी असली तर नोराबाई तिला शंभर देणार, ते ती डेक्लनला देणार. नसली तर कोणी कोणाला काहीच देणार नाही. तिने नोराबाईंना दिल्या पंचवीस, डेक्लनकडून मिळाल्या पंचाहत्तर; मधल्या पन्नास गोळ्या तिच्याच. काहीही निघो.

डेक्लन खुर्चीत बसला. त्याचा सगळा धंदा त्या एका श्वासात त्याच्यासमोर करून दाखवला होता. मग त्याला काहीतरी सुचलं. “पण बाई, तुला तर खरं काय ते माहीत आहे! पदवी नसेल तर नोराकडून घ्यायचं कशाला? नुसतं मला विकलं असतंस तर पंचाहत्तर मिळाले असते. असेल, तर नुसतं तिच्याकडून घ्यायचं. पंचाहत्तरच. पंचवीस गोळ्या सोडल्यास!”

“सोडल्या.”

“का?”

“एकच बाजू धरली असती तर माझं उत्तर तुम्हाला कळलं असतं, मिस्टर गॅरिटी. ते पंचवीस गोळ्यांना मी नाही विकत.”

मागे बसलेल्या केकवाल्यांपैकी एक जण ‘आमेन’ म्हणाला, आणि मला वाटतं तो परधर्मीय होता.

नोराबाईंनी आपली चिठ्ठी उचलली. स्वतःच्या अक्षरातला तो वीस आकडा त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे कान लाल झाले होते. सव्वीस वर्षांत मी त्यांना चुकताना पाहिलं आहे. शरमताना कधी पाहिलं नव्हतं.

“मिस विंबुश, सोमवारी आठला या,” त्या म्हणाल्या.

“नोराबाई,” मी म्हणालो. “फाइल करावी लागेल. पदवीच्या रकान्यात काय लिहू?”

“लिहा, ‘विचारलं नाही’.”

“बरं.” मी घसा साफ केला. एक पेपरमिंटची गोळी कुठूनशी माझ्या हातात आली. “आणि… माझ्या फाइलीत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्याकडे पाहिलं. उजव्याच.

“दुखतो का हो अजून?” त्यांनी विचारलं.

“थंडीत जरा.”

“तो अहवाल राहू दे. त्याच्याखाली लिहा तेच.”

सोमवारी मी दोन्ही फायली काढल्या आणि दोन्हींत तेच दोन शब्द माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिले.